कप पेठेत येतो तेव्हा : कोल्हापूरच्या विजयी मिरवणुकीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शिकायला किंवा नोकरीला कोल्हापुरात आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट खटकते. शेजारच्या टेबलावरचा गरीब स्वभावाचा सहकारी दुपारी दीडच्या सुमारास गुपचूप गायब होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसलेला असतो. चौकशी केली की कळतं, शाहू स्टेडियमवर त्याच्या तालमीची फुटबॉल मॅच होती. मग एक दिवस तो तुम्हालाही सोबत नेतो. मार्च उजाडेपर्यंत तुम्हीही एका तालमीचे होऊन बसलेले असता. कुठल्या, हे बहुतेक वेळा खोली कुठल्या पेठेत मिळाली यावरून ठरतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, इथल्या जन्मजात समर्थकांचंही तसंच ठरलेलं असतं.

आता तुमचा संघ फायनलला गेलाय. जिंकला तर मिरवणूक, आणि तुम्हाला त्यात जायचंय. त्या संध्याकाळसाठी हे लिहितोय.

आधी डोक्यातलं टीव्हीवरचं चित्र पुसा. युरोपातल्या क्लबांची उघड्या टपाची बस असते, मार्ग चार दिवस आधी जाहीर होतो, लोक कठड्यामागं उभे राहून हात हलवतात. आपल्याकडं बघे आणि मिरवणूक असे दोन भाग नसतातच. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार ही नावं फुटबॉल संघांची म्हणून तुम्ही ऐकली असतील, पण ती मुळात तालमींची नावं आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, पेठापेठांतल्या तालमी बहरल्या, आणि पुढं याच तालमींच्या पोरांनी लाल माती न सोडता चेंडूही धरला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपलं केएसए, १९४० सालचं. सीनियर संघांची लीग आणि त्यानंतरचे नॉकआउट चषक असा इथला हंगाम असतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

हे सगळं सांगायचं कारण एकच. मिरवणूक संपते ती तालमीच्या दारात. कप आत जातो, मारुतीपुढं ठेवला जातो, नारळ फुटतो. नवीन माणूस सगळा जीव स्टेडियमच्या दारात आणि डॉल्बीसमोर घालवतो आणि हा क्षण येईपर्यंत दमून खोलीवर गेलेला असतो. माझं पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पोरं तालमीतल्या गोष्टी सांगत होती आणि मी माना डोलावत होतो. तेव्हा बाकीचं सगळं नियोजन उलट्या बाजूनं करा: तालमीच्या दारात वेळेवर आणि धड अवस्थेत पोचायचंय, त्यासाठी आधी काय काय करावं लागेल?

मिरवणूक आहे का, ते आधी विचारा

हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. फायनल जिंकली म्हणजे मिरवणूक निघणारच असं नाही. दोन पेठांमधली ईर्ष्या, मागच्या सामन्यातली हुल्लडबाजी, शहरातला बंदोबस्त, परीक्षा, असं काहीही आडवं येतं आणि पोलीस परवानगी नाकारतात. कधी ठरावीक मार्गानंच जा म्हणतात, कधी वाद्यं नकोत म्हणतात, कधी कप गाडीतून थेट तालमीकडं न्यायला लावतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ हा भाग जुना राजवाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. तिथं काय ठरलं याची पक्की बातमी तालमीच्या जुन्या कार्यकर्त्यांकडं असते.

म्हणून फायनलच्या आदल्या संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जा. तिथं पेपर वाचत बसलेले एक आबा किंवा आण्णा असतातच. त्यांना नीट विचारा: "आण्णा, उद्या जिंकलो तर कुठनं जायचंय?" आधी "जिंकू दे तरी लगा" असं उत्तर येईल. शकुनाचा भाग आहे, राग मानू नका. चहा झाला की मार्गही कळेल आणि वेळही. मोबाइलवर फिरणाऱ्या 'भव्य विजयी मिरवणूक' अशा पोस्टवर मात्र विसंबू नका. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत आयपीएल जिंकलेल्या संघाच्या सत्काराला जमलेल्या गर्दीत, चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर, ११ माणसं चेंगरून मेली. त्या दिवशी पोलीस मिरवणूक नाही म्हणत होते आणि समाजमाध्यमांवर आहे असं फिरत होतं. मिरवणूक आहे की नाही याचाच घोळ असेल तर लोक जागा पकडायला एकाच दारावर येतात. आपली गर्दी तेवढी नसते, पण आपले बोळही तेवढे रुंद नसतात.

फायनलच्या दिवशी

गाडी पेठेत आणू नका. सागरमाळ, राजारामपुरी किंवा विद्यापीठाकडून येणार असाल तर रिक्षा करा आणि बिंदू चौकात उतरून पुढं चाला. गाडी आणायचीच असेल तर बिंदू चौकातलं पार्किंग किंवा दसरा चौक बरा. मिरवणुकीच्या मार्गावर लावलेली दुचाकी परत मिळते, पण तिच्यावर चार जण उभं राहून नाचलेले असतात.

मॅच बघणार असाल तर शेवटची पाच मिनिटं आणि त्यानंतरची पंधरा मिनिटं यांचा विचार आधीच करा. टायब्रेकर झाला तर अर्धं स्टेडियम कुंपणाकडं सरकतं. शेवटची पेनल्टी आत गेली की कुंपणावरून उड्या पडतात, खेळाडू खांद्यावर घेतले जातात, आणि ज्याला ज्याला मिठी मारता येईल त्याला मारली जाते. उडी मारू नका. कुंपणाच्या टोकाला अडकलेली पँट मी बघितलीय, पँटीतल्या माणसासकट. गॅलरीत बसून राहा, बक्षीस समारंभ बघा, मग दाराची गर्दी ओसरली की निघा. संघात एखादा परदेशी खेळाडू असेल तर त्याला खांद्यावर घेऊन पोरं त्याच्याशी अस्सल कोल्हापुरीत बोलतात आणि तोही मान डोलावतो, हे एकदा तरी बघण्यासारखं असतं.

मॅचचं तिकीट मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. सरळ पेठेत जा. निकाल तुम्हाला मोबाइलच्या आधी फटाक्यांवरून कळेल.

स्टेडियमपासून मंगळवार पेठेतल्या तालमी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळं तिकडची मिरवणूक लवकर तापते आणि लवकर पोचते. शिवाजी पेठेकडं जायचं तर मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर अशा बाजूनं अंतर वाढतं. गणपती विसर्जनाच्या मार्गाचाच हा थोडा भाग आहे, तेव्हा वेगही त्याच हिशेबानं धरा. एरवी दहा मिनिटांची वाट दीड-दोन तास खाते. मंगळवार, शुक्रवार, रविवार असेल तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दीही त्याच बाजूला असते.

अंगात काय, खिशात काय

कोल्हापुरी चप्पल घालू नका. कोल्हापुरात राहून हे सांगावं लागतंय याचं दुःख आहे, पण गर्दीत टाचेवर पाय पडला की चप्पल मागं राहते आणि माणूस पुढं जातो. ती शोधायला वाकणं हा सगळ्यात मोठा धोका. बंद, नाडीचे, जुने बूट बरे. शर्ट कुठला घालायचा? गुलालात गेल्यावर सगळ्या शर्टांचा रंग एकच होतो, तेव्हा जो परत नाही वापरला तरी चालेल तो. तालमीची जर्सी घालून यायची इच्छा असेल तर जरूर घाला, पण येताना-जाताना दुसऱ्या पेठेतून चालायचं असेल तर वर एखादा साधा शर्ट चढवा. तुम्हाला भांडण नको असलं तरी जर्सी दोन चौक आधीच पोचून भांडण काढते.

निघण्याआधी केसांना, कानांमागं, मानेला आणि नखांच्या कडांना खोबरेल तेल चोळा. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. दमा असलेल्यानं नाकातोंडाला ओला रुमाल बांधून बाहेरच्या कडेनं चालावं, गुलालाच्या ढगात शिरू नये. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या खिशात ठेवा. माझ्या एका फोनच्या चार्जिंगच्या भोकातून पुढं तीन महिने गुलाबी पूड निघत होती, मग तो फोनच गेला. पैसे थोडे आणि सुटे. पाण्याची छोटी बाटली हवी. एप्रिल-मेमध्ये फायनल असेल तर दुपारचं ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी वळीव गाठतो, त्यामुळं ओल्या फरशीवर नाचायची वेळ येऊ शकते.

कुठं उभं राहायचं

मिरवणुकीचा क्रम साधारण असा. पुढं फटाके लावणारी पोरं. मग वाद्यं: हलगी, घुमकं, कैताळ असेल तर नशीब, नाहीतर बेंजो, नाहीतर डॉल्बी. त्यामागं नाचणाऱ्यांचा गोळा, आणि सगळ्यात मागं ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पोवर खेळाडू आणि कप. नवीन माणूस हमखास गोळ्याच्या मधोमध शिरतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी जागा धरायची ती हलगीच्या मागं, डाव्या किंवा उजव्या कडेला. हलगी कडकडायला लागली की ज्याला नाच येत नाही तोही नाचतो, आणि कडेला असल्यामुळं दमल्यावर बाहेर पडता येतं. डॉल्बीच्या भिंतीसमोर मात्र उभं राहू नका. छातीत धडधडतं ते प्रेमानं नाही. कापसाचे बोळे कानात घातले तर कोणी हसत नाही, आणि हसलं तरी ऐकू येणार नाही. लेसरचे झोत असतील तर त्यांच्याकडं बघू नका, मोबाइलचा कॅमेराही तिकडं धरू नका. गणेशोत्सवात अशा झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना आपल्याकडं घडल्या आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र. सीपीआर रुग्णालयाजवळून कोणी जात असेल तर तिथं शिट्टीसुद्धा खिशात.

बोळात मिरवणूक शिरताना मागं थांबा. रुंद रस्त्यावरची गर्दी अरुंद तोंडात शिरते तिथंच रेटारेटी होते. अंगाला अंग लागून हात वर उचलता येईनासा झाला तर निघायची वेळ झाली समजा. प्रवाहाच्या उलट जाऊ नका, तिरकं तिरकं कडेला सरका. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढं धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. काही पडलं तर पडू दे. सोबतच्यांबरोबर चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आधीच ठरवा, कारण त्या आवाजात फोन लागूनही उपयोग नसतो. 'चौकात भेटू' असं ठरवू नका, चौकात सगळेच भेटतात. मार्गापासून दोन गल्ल्या लांब असलेलं एखादं दुकान सांगा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकाजवळ चालू नका, ट्रॉलीच्या कडेला लोंबकळू नका, आणि वर चढलाच असाल तर झेंड्याची काठी उंचावण्याआधी डोक्यावरच्या विजेच्या तारा बघा. रस्ता बंद केलाय म्हणून गाडी येणारच नाही, असंही धरून चालू नका. २६ मे २०२५ ला लिव्हरपूलच्या विजयी मिरवणुकीनंतर एक मोटार गर्दीत घुसली आणि १०० हून जास्त लोक जखमी झाले. तिथला बंदोबस्त आपल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

गुलाल आणि आग

यावर जरा थांबतो, कारण हे कोणी सांगत नाही. पेठेत शिरल्यावर घराघरांतून बायका औक्षणाचं ताट घेऊन बाहेर येतात. ज्या पोराला लहानपणी गल्लीत काचा फोडल्या म्हणून शिव्या घातल्या, त्यालाच कुंकू लावतात. फार गोड दृश्य असतं. आणि त्याच वेळी वरून कोणीतरी गुलालाचं पोतं मोकळं करतो.

बारीक कोरडी पूड हवेत पसरली आणि तिला ज्योत मिळाली तर ती जळते, एकदम भडकते. पोत्यात असताना तिला हवा मिळत नाही, उधळली की प्रत्येक कणाभोवती हवा असते, एवढंच ते गणित. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निकालानंतर आपल्याच जिल्ह्यात, महागावात, विजयी मिरवणुकीत औक्षण चालू असताना जेसीबीतून गुलाल ओतला गेला आणि भडका उडाला, काहीजण भाजले. तेव्हा ताट दिसलं की आजूबाजूच्यांना हात करून गुलाल थांबवा. नवीन असलात तरी हे बोलायचा तुम्हाला हक्क आहे. "वैनी, दिवा विझवूया आधी" असं म्हटलं तर कोणी रागावत नाही. फटाक्यांच्या माळेजवळही गुलाल नको. कोणी भाजलंच तर गुलाल खरवडू नका, साधं वाहतं पाणी वीसेक मिनिटं ओता आणि १०८ ला फोन करा. भांडण किंवा चेंगराचेंगरी असेल तर ११२.

गुलाल लावायचीही रीत आहे. ओळखीच्या माणसाच्या कपाळाला आणि गालाला. अनोळखी बाईला, मुलीला, पोलिसाला आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला लावायचा नाही. डोळ्यांत फेकणारा एखादा असतोच, त्याच्यापासून लांब राहा. बरोबर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर त्यांना गर्दीत नेऊ नका. पेठेत ओळखीचं घर गाठा आणि माडीवरून बघा. ओळख नसली तरी फायनलच्या दिवशी "वर येऊ का काकू?" म्हणणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. गच्चीच्या कठड्यावर मात्र किती जण रेलले आहेत ते बघूनच रेला, ही घरं जुनी आहेत.

दुसऱ्या पेठेबद्दल

आपल्या तालमीसाठी वाट्टेल तेवढं ओरडा. हरलेल्यांची हुर्यो उडवू नका, निदान त्यांच्या चौकात तरी नाही. जुन्या माणसांची ही टस्सल पिढ्यांची आहे. दिवसभर एकमेकांना खुन्नस देणारे दोघं रात्री एकाच सोयरिकीत जेवायला बसलेले असतात. तुम्हाला ते नातं माहीत नसतं, तुमच्या तोंडी तीच शिवी वेगळी लागते. मोबाइलवरचं स्टेटसही तसंच. डिवचणारा एक व्हिडिओ टाकला की उत्तर यायला लागतं, आणि त्यानंतर पोलिसांचं बोलावणंही. शिकायला आलेल्या पोरानं नावावर गुन्हा घेऊन जाऊ नये. हाणामारी दिसली तर चित्रीकरण करत थांबू नका, उलट्या दिशेनं चालू लागा.

तालमीच्या दारात

तालीम अजून शंभर पावलांवर असेल तेव्हा मिरवणूक सोडा आणि कडेनं पुढं जाऊन उभे राहा. तिथं आधीच म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात, पांढऱ्या कपड्यांत, एकाच्याही अंगावर गुलाल नाही. त्यांच्या मागं उभे राहा, पुढं नाही. वाद्यं थांबतात. गोंगाट एकदम खाली येतो. कप्तान ट्रॉलीवरून उतरतो, बूट काढतो, कप घेऊन आत जातो. चपला-बूट काढल्याशिवाय तुम्ही आत पाऊल टाकू नका. बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर दारातूनही सगळं दिसतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी तेव्हा कपाकडं बघितलंच नाही, ते भिंतीवरचे जुने संघांचे फोटो बघत होते आणि बोटानं एकेकाला मोजत होते.

त्यानंतर पेढा मिळतो, कधी तिथंच पंगत बसते. रस्सा वाढणारा पोरगा थोड्या वेळापूर्वी तुमच्या डोक्यावर गुलाल ओतत होता हे लक्षात आलं तरी पान घ्या. जेवणाची सोय नसेल तर गंगावेशीत गरम दूध प्या, घशाला बरं पडतं.

खोलीवर आल्यावर लगेच आंघोळीला शिरू नका. पाणी लागलं की गुलाल पसरतो आणि मुरतो. आधी बाहेर, कोरड्या कपड्यानं, खाली वाकून केस आणि अंग झटका. मग पुन्हा तेल चोळून पुसा, मग कोमट पाण्यानं साबण. कान आणि भुवया दोनदा. कपडे गार पाण्यात वेगळे भिजवा, घरमालकांच्या धुण्यात चुकूनही टाकू नका. उशीवर जुना टॉवेल अंथरा. दुसऱ्या दिवशी कितीही घासलं तरी कानामागं थोडा गुलाबी रंग राहतोच. ऑफिसात तो शेजारच्या टेबलावरचा सहकारी तेवढ्यावरून ओळखेल, आणि बसलेल्या घशानंच विचारेल, काल कुठं होतास रे, तालमीत दिसला नाहीस.